उलटा बिजलीराव

फुग्याचं शेपूट कोणाच्या तोंडाकडे वळवायचं, आयुष्यभर मी एवढंच काम केलं. दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, तेव्हा मी त्यांना हेच वाक्य ऐकवलं. त्या म्हणाल्या, शब्बीरभाई, ते नेमकं काय असतं ते आधी सांगून टाका. म्हणून सांगतो.

चित्रकथेतली माणसं पांढऱ्या फुग्यांतून बोलतात. चित्रकार चित्र काढून मोकळा होतो. लेखक संवाद लिहून मोकळा होतो. ते संवाद हातानं सुबक लिहायचे, चित्रात कुठे बसतील ते ठरवायचं आणि प्रत्येक फुग्याला शेपूट काढायचं, हे काम तिसऱ्या माणसाचं. त्याचं नाव कुठेच छापत नाहीत. अमरावतीच्या राजापेठेत एका जिन्यावरच्या खोलीतून मुलांचं एक पाक्षिक निघायचं, तिथला तिसरा माणूस मी. पुढे लेखक नोकरी सोडून गेला आणि संवादही माझ्याच गळ्यात पडले.

माझे अब्बा अकोल्यात दुकानांच्या पाट्या लिहायचे, मराठी, हिंदी, उर्दू, सांगाल त्या लिपीत. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. आपल्या अक्षरांना वर छप्पर आणि खाली तळघर असतं, म्हणून दोन ओळींत जागा सोडायची. आणि लिहून झालं की चार पावलं मागे जाऊन बघायचं. पहिली गोष्ट मी शेवटपर्यंत पाळली. दुसरी पाळायला आमच्या खोलीत चार पावलं जागाच नव्हती, मागे सरकलं की थेट जिना.

फुगे वेगळ्या कागदावर लिहायचे, ब्लेडनं कापायचे आणि डिंकानं चित्रावर चिकटवायचे. शेपूट सगळ्यात शेवटी काढायचं, कारण एकदा काढलं की त्या वाक्याचा मालक ठरला. तोवर ते वाक्य कोणाचंही असू शकतं.

पाक्षिकाचे मालक गावंडे साहेब. त्यांना एक दिवस वाटलं की आपल्या वऱ्हाडाचा स्वतःचा महावीर पाहिजे, उडणारा, मारामारी करणारा, पण आपल्यासारखं बोलणारा. चित्रकार मोहोड मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुटीत आमच्याकडे बसायचे. त्यांनी आठ दिवसांत वीस चेहरे काढले आणि वीसच्या वीस कॅलेंडरवरचे देव निघाले. साहेब वैतागले. तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे एक माणूस आहे.

तो माणूस सुखदेव वानखडे. अकोल्यातल्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो लाईनच्या ऑफिसात वायरमन लागला आणि पातूर तालुक्यातली पाच-सहा गावं त्याच्याकडे आली. आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात. रुंद खांदे, जाड मिशी आणि डाव्या भुवईत कधीतरी ठिणगी उडून पडलेली पांढरी चीर. एका रविवारी त्याला अमरावतीला बोलावलं. तो कमरेचा पट्टा, रबरी हातमोजे आणि पक्कड घेऊनच आला. खुर्चीत दोन तास न हलता बसला. मोहोड मास्तरांनी त्याला जसाच्या तसा काढला, फक्त पाठीवर एक पिवळा शेला टाकला. भुवईतली चीरही काढली. नाव ठेवलं बिजलीराव.

बिजलीरावाच्या अंगात वीज होती. त्याचा शत्रू अंधारसेन. गोष्ट दर वेळी एकच असायची: अंधारसेन गाव अंधारात बुडवायचा, बिजलीराव खांबावर चढायचा, आणि शेवटच्या चौकटीत वरून ओरडायचा, "झालं, टाक!" खाली कोणीतरी खटका टाकायचं आणि गाव उजळायचं. हे वाक्य माझं नाही. एकदा मी पातूरकडे सुखदेवच्या गावी गेलो होतो तेव्हा त्याला काम करताना पाहिलं. गावाबाहेर दोन खांबांवर ट्रान्सफॉर्मर आणि खाली खटक्यांची पेटी असते, तिला सगळे डीपी म्हणतात. वायरमन आधी डीपीचा खटका पाडतो, म्हणजे लाईन बंद करतो, आणि मग दूरच्या खांबावर चढतो. तो वर असेपर्यंत डीपीपाशी गावातलाच एक माणूस राखण बसतो, म्हणजे कोणी येऊन खटका टाकू नये. कागदावर हे कुठे नाही. ऑफिसचे नियम वेगळे असतील, पण माणसं कमी आणि खांब जास्त, तेव्हा गावोगाव असंच चालायचं. काम संपलं की राखणदार हाक मारतो, "झालं का?" आणि वरून उत्तर येतं, "झालं, टाक." वरच्या माणसाचा जीव त्या दोन शब्दांवर असतो. मला ते फार आवडलं आणि मी ते उचललं.

सुखदेवचं नशीब त्या अंकांनी फिरलं. तो गावात शिरला की पोरं "बिजलीराव आला" म्हणत मागे धावायची. तो त्यांना सांगायचा, तुटलेल्या तारेजवळ जायचं नाही, खांबावर अडकलेली पतंग काढायची नाही, आणि पोरं ऐकायची, कारण बिजलीरावानं सांगितलं होतं. हे सांगताना तो फुलून यायचा. सगळे अंक त्यानं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. माझा अभिमान तर विचारूच नका. पाट्या लिहिणाऱ्याच्या पोरानं एक महावीर बनवला होता आणि तो खरोखर खांबावर चढत होता.

मग ती वर्षं आली. आमचे जिल्हे रोज पेपरात यायला लागले, नको त्या कारणासाठी. त्यावर शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी त्यात पडत नाही. माझ्या टेबलावर फक्त पत्रं यायची. शेतीच्या लाईनीचं एक वेळापत्रक निघालं होतं, ते लाईन सोडून सगळ्यांना पाठ होतं. विहिरीत पाणी आहे, मोटार आहे, हरभरा सुकून चालला आहे, आणि लाईन नाही. पोरांची पत्रं बदलली. एकानं लिहिलं, बिजलीराव एवढा भारी आहे तर आमच्या गावात लाईन काहून नाही? दुसऱ्यानं विचारलं, बिजलीराव फक्त अमरावतीत राहतो का? मी गावंडे साहेबांना पत्रं दाखवली. साहेब म्हणाले, उत्तर देऊ नका.

अशात माझ्या हातून ते शेपूट चुकलं. रोजे चालू होते, असं निमित्त सांगता येईल. पण खरी गोष्ट अशी की मी खिडकीतून राजापेठेच्या चौकात दोन स्कूटरवाल्यांचं भांडण पाहत होतो. चित्रात बिजलीराव आणि अंधारसेन समोरासमोर उभे. वाक्य अंधारसेनाचं: "आजपासून या गावाले लाईन भेटणार नाही. पाहू काय करता ते." मी शेपूट काढलं ते बिजलीरावाच्या तोंडाकडे. चार पावलं मागे गेलो असतो तर दिसलं असतं. अंक छापून, गठ्ठे बांधून, गाडीनं धामणगाव रेल्वेपर्यंत गेल्यावर दिसलं.

मला वाटलं, नोकरी गेली. झालं भलतंच. पत्रांचा पाऊस पडला आणि कोणालाच ती चूक वाटली नव्हती. लोकांनी लिहिलं, शेवटी बिजलीराव खरं बोलला. लिहिणारी फक्त पोरं नव्हती, मोठी माणसंही होती. धामणगावचे आमचे विक्रेते, कापसाचे एक जुने अडते, दर पंधरवड्याला अंक स्वतःच आधी वाचून मग विकायला ठेवत. त्यांचा निरोप आला की पहिल्यांदाच एकही अंक परत पाठवायला उरला नाही, आणि पुढच्या अंकात बिजलीराव अजून काय काय कबूल करणार आहे?

गावंडे साहेबांनी मला समोर बसवलं. चुकीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या पुण्याच्या भाच्याकडे परदेशी चित्रकथा होत्या. त्यांत म्हणे एकाच वेळी अनेक दुनिया असतात. आपल्या दुनियेत जो महावीर तोच दुसऱ्या दुनियेत खलनायक, चेहरा तोच, ताकद तीच, फक्त नियत फिरलेली. साहेब म्हणाले, आपणही दुसरी दुनिया काढू. नाव मी दिलं, उलटा बिजलीराव. आरशातला आहे हे कळावं म्हणून भुवईतली चीर डावीकडची उजवीकडे करायची, शेला पिवळ्याचा काळा. हा उलटा बिजलीराव गावागावाची लाईन ओढून अंगात साठवायचा आणि शेवटी खांबावरून ओरडायचा तेच, "झालं, टाक!" फक्त आता खटका टाकला की गावाच्या मोटारी जळायच्या.

मोहोड मास्तरांनी हात जोडले. म्हणाले, शाळेत मी पोरांना एक शिकवतो आणि इथे हे काढू? त्यांनी तीन अंक काढले आणि यायचं बंद केलं. पुढे त्यांच्या एका विद्यार्थ्यानं काम चालवलं. मी मात्र राहिलो. राहिलो म्हणजे रंगूनच गेलो. भल्या माणसाला बोलतं करायला मला नेहमी घाम फुटायचा. वाईट माणूस फुग्यात आपोआप बोलतो. उलट्या बिजलीरावाचे संवाद लिहिताना माझा हात थांबायचा नाही, आणि लोकांच्या मनात जे होतं ते त्याच्या तोंडून बाहेर पडत होतं. मला ते चांगलं काम वाटायचं. आजही अर्धं वाटतं. अर्धं वाटत नाही.

गोंधळ तर तेव्हापासूनच होता. डावी चीर म्हणजे चांगला की उजवी? चित्रातल्या माणसाची डावी की वाचणाऱ्याची? नव्या चित्रकाराची दोनदा गफलत झाली. मला स्वतःला आरशासमोर उभं राहून भुवईवर बोट ठेवून ठरवावं लागायचं, आणि आरशात पाहिलं की अजून उलटं. वाचणाऱ्यांनी तर तो नाद सोडूनच दिला. त्यांना दिसत होता तो एकच चेहरा.

हे मला पहिल्यांदा सुखदेवनं सांगितलं. तो एका रविवारी न कळवता अमरावतीला आला. हातात अंकाची गुंडाळी. चहा झाला, अम्मीची तब्येत विचारून झाली, मग त्यानं अंक उलगडला आणि विचारलं, हा कोण आहे? मी त्याला दुसऱ्या दुनियेचं सगळं समजावून सांगितलं, आरसा, चीर, काळा शेला. त्यानं अगदी मन लावून ऐकलं.

"ते ठीक हाय," तो म्हणाला. "पण माह्या गावाईत दुसरी दुनिया नाही ना लेका. एकच हाय."

मग त्यानं थोडं थोडं सांगितलं. पोरं आता मागे धावत नाहीत, लांबूनच "झालं, टाक" ओरडून पळतात. शेतकऱ्यांनी तारेवर चोरून टाकलेले आकडे काढायला गेलं की माणसं हसतात, म्हणतात, काढा काढा, आमची लाईन ओढून न्या. पूर्वी भांडायचे तेव्हा तो वायरमन होता, आता तो उलटा बिजलीराव झाला होता. त्याला अंक बंद करायला नको होते. त्याचं मागणं एवढंच होतं की त्या वाईट माणसाला दुसरं थोबाड द्या.

मी हो म्हटलं. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं. आणि गावंडे साहेबांजवळ मी तो विषय काढला तो असा, की साहेब, चेहरा बदलला तर कसं? साहेब म्हणाले, चेहरा बदलला तर दुसरी दुनिया कशाची? मला ते पटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा पटलं होतं. सुखदेवला मी कळवलं की बोलणं चालू आहे.

जानेवारीतली गोष्ट. दुपारची वेळ, हरभऱ्याला पाण्याची शेवटची पाळी, आणि एका गावच्या शिवारातली तार तुटलेली. सुखदेवनं डीपीचा खटका पाडला. राखणीला गजानन बसला. हा गजानन त्याच गावचा शेतकरी, सहा वर्षं सुखदेवची राखण त्यानंच केली होती, आणि दोघांचं एकमेकांच्या घरी जेवणखाण होतं. डीपीपासून खांब शंभरेक पावलांवर. मध्ये एक निंब, त्याखाली लाईनची वाट पाहत बसलेले पाच जण. सुखदेव वर चढून अर्धा तास झाला तेव्हा गजाननानं नेहमीसारखी हाक दिली, झालं का? उत्तर आलं, "झालं, टाक." त्यानं खटका टाकला.

सुखदेव पट्ट्याला लटकला म्हणून खाली पडला नाही, आणि गजाननानं लगेच खटका पाडला म्हणून जगला. उजवा हात मात्र कोपरापासून खाली कामातून गेला.

मी अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. हात कापडात गुंडाळलेला. मला बघून म्हणाला, आलास का, बस. काय झालं ते त्याला आठवत नव्हतं. तारेला पीळ देत होतो, वरून पोपटांचा थवा गेला, एवढंच त्याला आठवत होतं. उत्तर तू दिलंस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, मले काहीच आठवत नाही. हे त्याचे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेलो. का गेलो ते मलाच नीट सांगता येणार नाही. गजानन घरात भिंतीला टेकून बसला होता, जेवत नव्हता. पोलीस येऊन गेले होते. काम संपलेलं नसताना सुखदेव टाक कसा म्हणेल, असं सगळे त्याला विचारत होते. मग त्यानं तरी खटका का टाकला? मुद्दाम टाकला? त्याचाही हरभरा सुकत होताच.

"आवाज आला, पेंटरभाऊ," तो मला म्हणाला. "इमानानं सांगतो. खांबाकडूनच आला असं वाटलं होतं. आता इचार करतो तं वाटते, निंबाखालून आला."

निंबाखालून. मी त्या झाडापाशी गेलो. पोलिसांच्या पंचनाम्यात तिथल्या वस्तू लिहिल्या होत्या, असं गावात कळलं: एक पाण्याचा डबा, एक पंचा आणि चित्रांचं एक पुस्तक. तो आमचाच ताजा अंक होता. त्या गावांत आमचा अंक एकानं मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी रीत होती. वाचणारा आवाज बदलून बदलून वाचायचा, जितका आवाज मोठा तितकी मजा. त्या पाचही जणांना मी भेटलो. अंक कोण वाचत होतं, एवढंच विचारलं. पाचही जण म्हणाले, आम्हाला वाचता येत नाही. त्यांतला एक शाळेत मास्तर होता.

तो अंक मी खोलीवर येऊन काढला. अकरावं पान, शेवटची चौकट. काळा शेला, उजवी चीर, खांबावरून खाली वाकलेला उलटा बिजलीराव, आणि फुग्यात माझ्या हातची ठसठशीत अक्षरं, "झालं, टाक!" मी त्या दिवशी जेवलो नाही. मला कळेना की हे वाक्य कोणाचं. सुखदेव रोज म्हणायचा म्हणून त्याचं. मी उचललं म्हणून माझं. मास्तरानं वाचलं असेल तर मास्तराचं. की शिवारात कोणी खरोखर चिडून ओरडलं, ह्या माणसाचं थोबाड पाहून?

चौकशीचे साहेब अकोल्याहून आले होते, सज्जन आणि थकलेले. पातूरच्या ऑफिसात मी अंक घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. मी म्हटलं, साहेब, ते वाक्य माझं आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही तिथे होतात? मी म्हटलं, नाही, मी अमरावतीत होतो. त्यांनी चष्मा काढला. मी पान दाखवलं. त्यांनी विचारलं, हा कोण बोलतो आहे? मी म्हटलं, बिजलीराव. तो कोण? तो सुखदेवच आहे, पण दुसऱ्या दुनियेतला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मला एवढंच लिहायचं आहे की टाक कोण म्हणालं. तुमच्या दुनियेतलं मी कुठल्या रकान्यात लिहू? मी म्हटलं, तेच मला कळत नाही. त्यांनी मला पाणी दिलं.

मग त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. वायरमननं दवाखान्यातून डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा उमटवून लिहून दिलं होतं. अक्षर दुसऱ्या कोणाचं होतं, मजकूर असा: काम अर्धं असताना राखणदारानं विचारलं, तेव्हा झालं, टाक, असं मीच गफलतीनं म्हटलं. गजाननाचा किंवा इतर कोणाचा यात दोष नाही. साहेब म्हणाले, त्यानं स्वतः मान्य केलं आहे, विषय संपला.

गजानन सुटला. सुखदेवच्या नावावर बेपर्वाईचा शेरा बसला, बढती गेली, आणि त्याला अकोल्यात तक्रारीच्या फोनवर बसवलं. रोज शंभर जण फोन करून विचारायचे, लाईन काहून नाही? तो डाव्या हातानं तक्रार लिहायला शिकला. ज्या गावांनी त्याला उलटा बिजलीराव म्हटलं होतं, त्यांना आता त्याचा लेखी कबुलीजबाबच मिळाला होता. आपल्याच चुकीनं आपला हात घालवणारा वायरमन. खरं काय ते गजाननाला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि मला वाटायचं की सुखदेवलाही माहीत नाही.

मी उलट्या बिजलीरावाचं लिखाण सोडलं. गावंडे साहेब रागावले नाहीत, त्यांनी दुसरा माणूस आणला. त्याची अक्षरं फुग्याबाहेर जायची. दीड-दोन वर्षांत पाक्षिक आपल्या मरणानं मेलं, दोन्ही बिजलीरावांसकट. पुढे मी लग्नपत्रिका लिहिल्या, मग संगणक आला आणि तेही गेलं.

सुखदेवला मात्र विचारायचं राहिलं होतं. दर ईदला तो माझ्याकडे यायचा, चौदा एप्रिलच्या जयंतीला मी त्याच्याकडे जायचो, आणि तो विषय आम्ही दोघंही टाळायचो. त्याच्या निवृत्तीच्या वर्षी मी अकोल्याला गेलो तेव्हा सोबत अकराव्या पानाचं मूळ चित्र नेलं, डिंकानं चिकटवलेल्या फुग्यांचं. छापखान्यातून मी ते उचलून आणलं होतं. ते त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. निंबाखालचा अंक, वाचता न येणारा मास्तर, चौकशीच्या साहेबांना मी काय सांगायला गेलो होतो ते. शेवटी म्हटलं, तुला काही आठवत नव्हतं, तू मला स्वतः सांगितलंस. मग खोटं का लिहून दिलंस? गजाननासाठी? की माझ्यासाठी?

त्यानं चष्मा लावला. कागद डाव्या हातानं जवळ ओढला. मग चित्रातल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हे थोबाड कोनाचं हाय?"

"तुझं," मी म्हटलं.

"अन् हे शेपूट कोनाकडं जाते?"

ते शेपूट मीच काढलं होतं, आणि ते अगदी बरोबर जागी होतं.

"मंग मीच म्हटलं ना," सुखदेव म्हणाला. "खोटं काय लेयलं म्या?"

त्यानं कागद नीट गुंडाळला, दोरा मागवला, आणि एका हातानं गाठ बसेना म्हणून ती मला मारायला लावली. मग आतून ती पत्र्याची पेटी आणवली. त्यात पिवळ्या शेल्याचे सगळे अंक होते, आणि काळ्या शेल्याचेही, एकाखाली एक लावलेले. त्यावर त्यानं ती गुंडाळी ठेवली, पेटी बंद केली आणि म्हणाला, चाल, जेवून घेऊ.